दीड एकर उसात साडेचारशे माणसं

मे 2018. दहावीची सुट्टी होती आणि मी मामाकडे, मराठवाड्यात. पहाटे साडेपाचला मामेभाऊ उठवायचा, आम्ही टिकाव-घमेली घेऊन माळावर. त्या वर्षी गावोगावी श्रमदानाची लाटच आली होती. मामाचं गाव कुठल्या स्पर्धेत नव्हतं, पण शेजारच्या तालुक्यातलं बघून इथल्या पोरांनाही हुरूप आला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा टिकाव हातात धरला. पहिल्याच दिवशी तळहाताला चार फोड आले. त्याचा फोटो मी स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, ‘प्राउड मोमेंट’. (आज ते आठवलं की कसंनुसं होतं, पण असो.)

पावसाळ्यात माळावरचे चर भरल्याचे फोटो भावाने पाठवले. त्या वर्षी पाऊस बेताचाच होता, पण पुढच्या दोन पावसाळ्यांत विहिरींना असं पाणी आलं की आजी म्हणाली, तिच्या लग्नानंतर एवढं पाणी ती पहिल्यांदा बघतेय.

मे 2024. मी पुन्हा मामाकडे. माळावर आमचे चर होते, गाळाने थोडे भरलेले, पण होते. आणि गावात टँकर होता. मारुतीच्या पाराजवळ प्लॅस्टिकच्या घागरींची रांग, आणि रांगेत माझी मामी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. पाणी अडवलं, जिरवलं, विहिरीत आलेलं डोळ्यांनी बघितलं. मग गेलं कुठं?

मला वाटलं उत्तर ‘पाऊस कमी झाला’ असं असेल. 2023 चा पावसाळा मराठवाड्यात खरंच वाईट होता, 2024 च्या उन्हाळ्यात हजाराहून जास्त टँकर मराठवाड्यात फिरत होते. पण मामाच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका वस्तीत तेवढाच पाऊस पडूनही टँकर लागला नव्हता. म्हणजे पाऊस हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं मला गावात कुणी सरळ सांगत नव्हतं. मामा तर मुळीच नाही. का, ते मला मागाहून कळलं.

कॅल्क्युलेटर काढा

आपल्याकडे पाण्यावर बोलताना ‘थेंब थेंब वाचवा’ छापाचं इतकं बोललं जातं की आकड्यांकडे कुणी जातच नाही. मी पण मास कॉमची विद्यार्थिनी, बारावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली. पण हे गणित पाचवीच्या मुलालाही येईल असं आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे एक हेक्टरवर एक मिलिमीटर, तर दहा हजार लिटर. मामाच्या गावाचं शिवार ढोबळमानाने 1,000 हेक्टर धरू, लोकसंख्या 2,000, आणि कमी पावसाच्या वर्षी 500 मिलिमीटर पाऊस. गावावर पडलेलं पाणी झालं 500 कोटी लिटर.

आता पिण्या-वापरण्याचं पाणी बघा. जलजीवन मिशनमध्ये माणशी, दिवसाला 55 लिटर धरतात. 2,000 माणसांना वर्षभरासाठी लागतात साधारण 4 कोटी लिटर. पाचशे कोटींतले चार कोटी! एक टक्का पण नाही. मी तीन वेळा शून्यं मोजली.

अर्थात पडलेलं सगळं पाणी आपल्या हातात येत नाही. बरंचसं उडून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि तिथूनच पिकं-गवत ते पितात, काही ओढ्याने गावाबाहेर जातं. जमिनीत खोल मुरून विहिरीपर्यंत पोचणारं पाणी आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात शंभरातलं सात-आठ, फार तर बारा-तेरा टक्के. दहा टक्के धरू. म्हणजे गावाच्या भूजलाच्या खात्यात वर्षाला जमा झाले 50 कोटी लिटर. माणसांचे 4 कोटी वजा करा. गावात हजारभर मोठी जनावरं असतील आणि प्रत्येकी 50 लिटर धरले तर त्यांचे पावणेदोन-दोन कोटी वजा करा. तरी 44 कोटी शिल्लक. मग टँकर का?

कारण पुढची ओळ शेतीची आहे. उसाला वर्षभरात 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा 2,000 धरला, त्यातलं 500 पावसानं दिलं असं समजलं, तरी 1,500 मिलिमीटर विहिरीतून किंवा बोअरमधून उपसायचं. एका हेक्टरला दीड कोटी लिटर. म्हणजे उरलेले 44 कोटी संपवायला तीस हेक्टर ऊस पुरे. तीस हेक्टर म्हणजे पंच्याहत्तर एकर. गावाच्या जमिनीचा तीन टक्के भाग! बाकीच्या सत्त्याण्णव टक्के शिवारात नुसती धूळ उडत असली तरी गावाचं खातं रिकामं.

हे ढोबळ आहे, मला माहितेय. पाटाने दिलेल्या पाण्यातलं थोडं परत जमिनीत मुरतं, ठिबकने उपसा कमी होतो, प्रत्येक गावाचा खडक वेगळा. पण आकडे इकडेतिकडे केले तरी चित्र फार बदलत नाही. ज्वारीला किंवा हरभऱ्याला याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात भागतं.

आणि आमचं श्रमदान? समजा चर, बांध आणि नाला खोलीकरण मिळून गावानं दहा कोटी लिटरची साठवण तयार केली. लहान गावासाठी ही मोठी गोष्ट आहे, शेकडो लोकांचा घाम आहे त्यात. ते दहा कोटी लिटर म्हणजे सात हेक्टरसुद्धा ऊस नाही.

माझे फोड कुठल्या उसाच्या सरीत गेले ते मला तेव्हा कळलं.

मामाचा ऊस

मामाकडे दीड एकर ऊस आहे. 2020 मध्ये विहिरीला पाणी आलं तेव्हा लावला. त्याच्या शेजाऱ्याने तीन एकर लावला. त्याच्या शेजाऱ्याने बोअर घेतला, चारशे फूट. मग मामाच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, म्हणून मामाने बोअर घेतला, साडेपाचशे फूट. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मी मामासमोर बसून हिशेब केला. दीड एकर म्हणजे 0.6 हेक्टर. 0.6 गुणिले दीड कोटी, नव्वद लाख लिटर. एका माणसाचं वर्षाचं पाणी वीस हजार लिटर. भागाकार साडेचारशे. म्हटलं, “मामा, तुझ्या उसात साडेचारशे माणसांचं वर्षाचं पाणी आहे.”

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, आठवतंय? ‘जलदूत’. आधी दहा वाघिणींची, मग पन्नास वाघिणींची. पन्नास वाघिणींत 25 लाख लिटर. देशभरच्या चॅनलवाल्यांनी ती गाडी दाखवली. मामाच्या दीड एकरात अशा साडेतीन गाड्या रित्या होतात, आणि त्याची बातमी होत नाही.

मामा चिडला नाही. त्याने तंबाखू मळली आणि म्हणाला, “कॅल्क्युलेटर हातात हायच तर सोयाबीनचा भाव पण काढ की बाई त्याच्यावर.”

मी काढला. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि त्या हंगामात बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. उसाला एफआरपी असते, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, गारपिटीने झोपला तरी अगदी शून्य होत नाही, रात्री चोरीला जात नाही. ज्वारी काढायला बायका मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी मजुरी देऊन हातात काय राहतं? “मला पण कळतंय पोरी,” मामा म्हणाला, “पण मी एकट्यानं ऊस मोडला तर माझं पाणी शेजारच्याच्या बोअरमध्ये जाईल. मग मीच येडा का?”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ताही मामापुरतं नाही. मामा हावरट नाही, तो नीट विचार करणारा माणूस आहे. खालचं पाणी सगळ्यांचं एकत्र आहे आणि मोटर प्रत्येकाची वेगळी आहे, अशा ठिकाणी नीट विचार करणारा प्रत्येक माणूस हेच करेल. एकट्याने शहाणपणा करून इथे भागत नाही, सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवावं लागतं. आणि टिकाव मारायला गाव गोळा करणं सोपं असतं, एवढं मला त्या दिवशी पटलं.

बोअरबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. आपल्याला वाटतं खाली कुठेतरी नदी वाहतेय आणि जितकं खोल जाऊ तितकं पाणी. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भागाखाली बेसॉल्ट आहे, कडक दगड. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये. असा शंभर लिटर आकारमानाचा खडक पिळून काढला तर हाताला एक ते तीन लिटर पाणी लागतं. खोल जावं तशा भेगा साधारणपणे कमीच होत जातात. साडेपाचशे फुटांवर लागलेलं पाणी बऱ्याचदा वर्षानुवर्षं मुरून साठलेलं असतं. ते एकदा उपसलं की एका पावसाळ्यात भरून येत नाही.

‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009’ असा कायदा आपल्याकडे आहे. त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी किंवा उद्योगासाठी घेण्यावर बंदी आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई आहे. मी हे मामाला वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. बोअरची गाडी गावात येते तेव्हा ती किती फूट जाणार हे कोण मोजतं, सांगा.

जिथं मोजतात

थर्ड इयरला आमच्या वर्गाची हिवरे बाजारला ट्रिप गेली होती. खरं सांगायचं तर तेव्हा मी बसमध्ये मागे बसून गाणी म्हणत होते, आणि गावात झाडं, स्वच्छ रस्ते, रंगवलेल्या भिंती यांचे फोटो काढून परत आले. मामाकडच्या टँकरनंतर मी तेव्हाची वही शोधून काढली आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली.

हिवरे बाजार नगर तालुक्यात, अवर्षणप्रवण पट्ट्यात. सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, शिवार हजार हेक्टरच्या आतच. पोपटराव पवार एम.कॉम. करून गावात परतले आणि 1989 मध्ये सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं, चर, बांध, झाडं ही कामं झाली. त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, शाळेत निबंधातही लिहून झालेलं असतं.

निबंधात न येणारा भाग असा की कुऱ्हाडबंदी, चराईबंदीसोबत गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, आणि ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत असं ठरवलं. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरावीक विहिरींची पातळी मोजली जाते. पावसाळा संपला की जमा किती झालं आणि खर्च किती करता येईल याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसं, मग जनावरं, मग शेती. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचं क्षेत्र कमी करायचं, जास्त पाण्याची पिकं सोडायची, हे पेरणीच्या आधी ठरतं. ट्रिपला त्या ताळेबंदाच्या फलकासमोर मी सेल्फी काढला होता. फलकावरचे आकडे माझ्या डोक्यामागे झाकले गेलेत.

म्हणजे त्या गावाने पाणी आणलं आणि शिवाय आलेलं पाणी कुणी किती वापरायचं हेही ठरवलं. चर खणणारी गावं महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. दुसरं काम करणारी किती, हे बोटांवर मोजावं लागेल.

शासनाच्या पातळीवरही हीच गोची दिसते. जलयुक्त शिवार अभियानाबद्दल 2020 मध्ये ‘कॅग’चा अहवाल आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावरून राजकारण झालं, व्हायचं तेवढं झालं, मी त्यात पडत नाही. पण पाणी किती अडवलं याचे आकडे जेवढे छापले जातात तेवढे किती उपसलं याचे छापले जात नाहीत, हे कुठल्याही सरकारला लागू आहे.

चित्र थोडं बदलतंय. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली आणि 2018 पर्यंत 75 तालुक्यांत पोचली. 8 एप्रिल ते 22 मे, पंचेचाळीस दिवस नुसतं अडवा-जिरवा. पण 2020 मध्ये त्यांनी ‘समृद्ध गाव’ स्पर्धा आणली, त्यात पाण्याच्या ताळेबंदाला मार्क ठेवले. केंद्राची अटल भूजल योजना 2019 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातल्या 13 जिल्ह्यांत ती राबवली गेली आणि तिनेही ग्रामपंचायतीला पाण्याचं अंदाजपत्रक करायला सांगितलं. म्हणजे कागदावर तरी सगळ्यांना कळलंय.

पाणी कुणाचं?

या विषयावर वाचताना मला सगळ्यात जास्त झटका बसला तो पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कामाने. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसं खडी फोडताना त्यांनी बघितली आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाड्याने घेऊन प्रयोग सुरू केला. 1974 मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान निघालं आणि त्यातून पुढे ‘पाणी पंचायत’ उभी राहिली.

त्यांचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचं नाही, माणसांच्या हिशेबाने द्यायचं. घरात माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. तुमची जमीन वीस एकर असो की चार. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नाही. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः घालायचा.

भूमिहीनाचा पाण्यावर हक्क! मी हे वाचून भावाला फोन केला. तो म्हणाला, “आपल्याकडे असं बोललास तर ग्रामसभेतून उचलून बाहेर ठेवतील.” चेष्टेत म्हणाला, पण खोटं नव्हतं. मामाच्या गावात टँकरच्या रांगेत सगळ्यात पुढे, पहाटे चारपासून, कोण असतं? ज्यांच्याकडे विहीर नाही, बोअर नाही, एक गुंठा जमीन नाही, त्या घरच्या बायका. त्यांनी श्रमदान केलं होतं. माझ्या शेजारी घमेली उचलणारी एक काकू त्यांतलीच. तिने मला टिकाव कसा धरायचा ते शिकवलं होतं. तिच्या श्रमाने वाढलेलं पाणी तिच्या दारातून पाइपने दुसऱ्याच्या शेतात जातं आणि कायद्याने, रिवाजाने, कशानेच त्यात तिचं काही नसतं.

साळुंखे 2002 मध्ये गेले. पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या असं नाही. पण त्यांनी 1974 मध्ये विचारलेला प्रश्न गावोगावी अजून तसाच पडून आहे.

याच्या उलट्या टोकाला आहे प्लॅस्टिकचा कागद घातलेलं शेततळं. शेततळं म्हटलं की आपल्याला वाटतं पावसाचं पाणी साठवायची सोय. कागद नसलेलं, ओढ्याकाठचं शेततळं खरंच तसं असतं. पण कागद अंथरलेल्या मोठ्या तळ्यात पाऊस पडतो तेवढाच, बाकीचं पाणी विहिरीतून मोटर लावून भरतात. सगळ्यांच्या खालचं पाणी वर काढून आपल्या कुंपणात ठेवायचं, आणि उन्हाळाभर त्यातलं काही उन्हाने उडू द्यायचं. फळबाग जगवायला शेतकरी हे करतो, त्याची अडचण खरी आहे. पण याला जलसंधारण म्हणताना जरा थांबायला हवं.

वहीत लिहिलेलं

2 ऑक्टोबर 2024. गावात ग्रामसभा होती. मी आणि भावाने दोन आठवडे खपून गावाचा ताळेबंद काढला होता. पावसाचा आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकाचा घेतला. विहिरी आम्ही मोजल्या, टेपला दगड बांधून, काठापासून पाणी किती खाली आहे ते बघायचं, बस्स. यात रॉकेट सायन्स काही नाही. भूजल विभाग त्यांच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतो, आम्हीही तेच महिने धरले. पिकांचं क्षेत्र शिवारातून फिरून लिहिलं. आमच्या मोजणीत ऊस निघाला एक्क्याऐंशी एकर.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. ओढा वाहत होता, विहिरी काठोकाठ. अशा वेळी ताळेबंद कुणाला हवा असतो? भावाने आकडे वाचले, मागून कुणीतरी ओरडलं, “औंदा पाणी लय हाय, पुढच्या साली बघू.” हशा झाला. नवीन बोअर घ्यायचा नाही असा ठराव भावाने मांडला. त्यावर अर्धा तास गोंधळ झाला, एकमेकांचे बांध निघाले, जुन्या भाऊबंदक्या निघाल्या. ठराव मतालाच गेला नाही. विषय पुढच्या सभेवर.

एकच गोष्ट झाली. मागे बसलेल्या बायकांमधून ती काकू उभी राहिली आणि म्हणाली, “बोअर घ्या नायतर नका घेऊ. आडाचं पाणी कुणी उपसायचं न्हाई, एवढं तरी लिव्हा.” गावचा आड हा पिण्याचा. त्याच्या पाचशे मीटरच्या आतले तीन बोअर आम्ही मोजले होते, त्यांतला एक माझ्या मामाचा. कायदा मी खिशात घेऊन आले होते. सभेत काढला नाही. मामा समोर बसला होता.

हे मी लिहावं की नाही यावर बरेच दिवस विचार केला. मामाला विचारलं. तो म्हणाला, “लिही, पण गावाचं नाव लिहू नकोस.” म्हणून लिहिलेलं नाही.

पुढची सभा 26 जानेवारीला झाली, त्यात घरकुलं आणि रस्ता एवढंच झालं. पण मधल्या काळात भावाने एक वही केली आणि गावातल्या सहा विहिरींची मापं तो लिहीत राहिला. माप घेतलं की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. सुरुवातीला कुणी बघत नव्हतं. जानेवारीत कुणीतरी विचारलं, आमची विहीर का मोजत नाही? आता वहीत अकरा विहिरी आहेत. शाळेतल्या आठवीच्या पोरांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवून घेतलाय.

गावात विहीर परसात मोजायची पद्धत आहे, परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची. मामाची विहीर आठ परस, म्हणजे अठ्ठेचाळीस फूट. ऑक्टोबरमध्ये पाणी काठापासून आठ फुटांवर होतं. जानेवारीत सतरा. मार्चमध्ये एकोणतीस. एवढा पाऊस होऊनही.

फेब्रुवारीत मामाचा ऊस तुटला. खोडवा ठेवायचा की मोडायचा यावर घरात दोन दिवस धुसफूस चालली होती. मामी मोडायचा म्हणत होती. रांगेत तीच उभी राहते ना. शेवटी मामाने एक एकर मोडला आणि अर्धा एकर ठेवला, त्यावर ठिबक टाकलं. मोडलेल्या एकरात पुढच्या खरिपात तूर घेणार म्हणतो. शेजाऱ्याने तीनच्या तीन एकर ठेवलाय. मामाचा बोअर अजून चालू आहे.

1 मेला पुन्हा ग्रामसभा आहे. भाऊ तोच ठराव परत मांडणार आहे. काकूचं वाक्य त्याने या वेळी पहिलं कलम म्हणून घातलंय. मला म्हणाला, तू ये, आणि तो कायद्याचा कागद या वेळी बाहेर काढ. मी अजून हो म्हटलेलं नाही.

काल रात्री ग्रुपवर मेसेज आला. मामाची विहीर, चौतीस फूट. खाली मामाने पहिल्यांदाच काहीतरी टाइप केलं होतं: “परत मोज. दोरी तिरकी होती.”

भावाने सकाळी परत मोजली. चौतीसच.